आशीर्वाद मिळाला, हिशेबाचं काय?

बायबलच्या नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र एक प्रश्न विचारतो. मला तो फार ओळखीचा वाटतो. येशू नुकताच सांगून गेलेला असतो की धनी लग्नाहून कधी परतेल याचा नेम नाही, तेव्हा कंबर बांधून आणि दिवे लावून जागे राहा. पेत्राला शंका येते. तो म्हणतो, प्रभू, हा दाखला तू आम्हालाच सांगतोस की सगळ्यांना? सोसायटीच्या सभेत नवा नियम वाचला गेला की मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर करून विचारतं ना, "हे सगळ्यांना लागू आहे का?", तसा हा प्रश्न. आपण यातून सुटतो का, एवढंच बघायचं असतं.

येशू सरळ उत्तर देत नाही. उलट विचारतो की विश्वासू आणि विचारशील कारभारी कोण? मग अशा कारभाऱ्याची छोटी गोष्ट सांगतो आणि शेवटी जे वाक्य येतं, ते ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतं: ज्याला पुष्कळ दिलं आहे, त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. प्रवचनात, वाढदिवसाच्या प्रार्थनेत, दहावीला चांगले गुण मिळाल्यावर, हे वाक्य सगळीकडे भेटतं. इतक्या वेळा भेटतं की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. मागणार कोण? किती म्हणजे किती? आणि देव कृपेने, फुकट देतो असं एकीकडे म्हणायचं नि दुसरीकडे हिशेबाची वही उघडायची, हे जुळतं कसं?

सुरुवात "कारभारी" या शब्दापासून करू. मूळ ग्रीक शब्द आहे ओइकोनोमोस. ओइकोस म्हणजे घर, आणि घर चालवणारा तो ओइकोनोमोस. इकॉनॉमी हा शब्द याच कुळातला. मराठी बायबलमध्ये यासाठी कारभारी हा शब्द आला, आणि मला वाटतं तो ग्रीकपेक्षाही जास्त बोलतो. गावाकडे नवऱ्याला "आमचं कारभारी" म्हणतात. पेशवाईत कारभारी म्हणजे सगळी दौलत ज्याच्या हातून चालते, पण गादी ज्याची नाही असा माणूस. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंनी सवाई माधवरावाच्या नावाने राज्य चालवलं, तेव्हा ज्याच्या नावाने ते चालत होतं तो तान्हं बाळ होता. नाना फडणीसांच्या शब्दाला केवढं वजन होतं, तरी शिक्का पेशव्यांचाच उठायचा. आणि खुद्द पेशवे तरी कोण? कागदोपत्री छत्रपतींचे प्रधान.

हाती सगळी सत्ता, आणि मालकी मात्र शून्य. आशीर्वादाविषयीचा ख्रिस्ती विचार या एका जागेवर उभा आहे.

लूकमधल्या कारभाऱ्याचं काम काय होतं तेही बघण्यासारखं आहे. धन्याच्या इतर चाकरांना वेळच्या वेळी शिधा द्यायचा, एवढंच. बहुधा तो स्वतःही दासच, त्यांच्यातलाच एक. कोठाराची किल्ली तेवढी त्याच्याकडे. त्याचं बिघडतं कुठे? धनी यायला उशीर करतोय असं त्याच्या मनात येतं आणि तो चाकरांना मारू लागतो, खाऊपिऊ लागतो. म्हणजे कोठारावर हात मारण्याच्याही आधी त्याने आपल्या हाताखालच्या माणसांवर हात उचललेला असतो. मग येशू शिक्षेचं प्रमाण सांगतो: धन्याची इच्छा माहीत असून ज्याने ती केली नाही त्याला पुष्कळ फटके, माहीत नव्हती त्याला थोडे. पैसा तर मोजला जाईलच, पण किती ठाऊक होतं तेही मोजलं जाईल. ज्ञान हीसुद्धा मिळालेली गोष्टच.

धन्य आणि आशीर्वादित

इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, ती इंग्रजी वाचकाला नाही. इंग्रजीत "ब्लेस्ड" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दीनांना, शोक करणाऱ्यांना, धार्मिकतेसाठी छळ सोसणाऱ्यांना उद्देशून जो शब्द वापरतो तो ग्रीकमध्ये माकारिओस. मराठीत "धन्य". देव अब्राहामाला जे देतो तो मात्र "आशीर्वाद". आपल्याकडे हे दोन शब्द वेगळे राहिले हे बरंच झालं. कारण लूकच्या सहाव्या अध्यायात धन्य कोण? दरिद्री, भुकेले, रडणारे. त्यांना लागूनच "तुम्हा श्रीमंतांची केवढी दुर्दशा होणार" असंही येतं. नवी गाडी, फ्लॅटची किल्ली, कॅनडाचा व्हिसा यांच्या फोटोखाली हल्ली "ब्लेस्ड" लिहिलं जातं, तेव्हा आशीर्वादाला धन्यतेचं शिक्कामोर्तब चिकटवलं जातं. मिळालं म्हणजे देव आपल्यावर खूश आहे, असा तो हिशेब. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला त्याचे मित्र हेच गणित उलट्या बाजूने शिकवत होते: तुझं गेलं, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो.

आशीर्वाद आणि लायकी यांची फारकत केल्याशिवाय जबाबदारीचा विषय सुरूच होत नाही. लायकीने मिळालं असेल तर ते बक्षीस झालं, आणि बक्षिसाचा हिशेब कोणी कोणाला देत नाही.

अब्राहामाला मिळालेलं वचन नीट वाचलं तर त्यात देण्याबरोबरच काम आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव म्हणतो, मी तुला आशीर्वाद देईन, तू आशीर्वाद होशील, आणि पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्या द्वारे आशीर्वादित होतील. पहिल्याच दमात तो आशीर्वाद अब्राहामाच्या अंगणातून बाहेर पडतो. मोशे तर वचनदत्त देशात शिरायच्या आधीच लोकांना बजावतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, आणि मग म्हणाल की हे सारं मी माझ्या सामर्थ्याने, माझ्या हाताच्या बळाने मिळवलं. लोक अजून रानात आहेत, घर कोणाचंच झालेलं नाही, आणि हा म्हातारा घर झाल्यानंतरच्या विसरभोळेपणाविषयी बोलतोय.

पण या सगळ्यात मला सर्वात जास्त हलवून टाकतो तो संदेष्टा आमोस. तकोवाचा हा मेंढपाळ. उंबराच्या झाडांची निगाही करायचा. राहणारा दक्षिणेचा, बोलायला गेला उत्तरेच्या राज्यात, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या मध्याला, दुसरा यराबाम गादीवर असताना. भरभराटीचा काळ होता तो. त्या राज्याच्या राजधानीत, शोमरोनात, हस्तिदंती पलंग होते असं आमोस म्हणतो, आणि विसाव्या शतकात तिथे उत्खनन झालं तेव्हा कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखर मातीतून वर आले. त्याच शहरात गरीब माणूस पायताणांच्या जोडापायी विकला जात होता. लोकांना मात्र खात्री होती की आपण देवाचे निवडलेले आहोत, आपल्याला काय होणार? तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या ओळीत आमोस देवाचे शब्द सांगतो: पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी मी तुमचीच ओळख ठेवली, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांबद्दल मी तुम्हाला शासन करीन.

हा "म्हणून" वाचताना दर वेळी ठेच लागते. "ओळख ठेवली, म्हणून सांभाळून घेईन" असं ऐकायला कान तयार असतात. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनी शोमरोन घेतलं.

सरवा, दशमांश आणि पुरलेला हंडा

जबाबदारी म्हणजे दानधर्म, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जुन्या करारातली व्यवस्था त्याहून वेगळी आहे आणि ती समजायला "सरवा" हा शब्द पुरेसा आहे. कापणी झाल्यावर शेतात जी कणसं पडून राहतात ती वेचणं म्हणजे सरवा वेचणं. ज्यांचं गावाशी नातं अजून टिकून आहे त्यांना हे सांगायला नको. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात नियम आहे: शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, द्राक्षमळ्यात गळलेली फळं गोळा करू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी असू द्या. इथे मालक कोणाला काही "देत" नाही. फोटो नाही, आभारप्रदर्शन नाही. त्याने फक्त हात आवरता घ्यायचा. गरीब येतो, स्वतः वाकून वेचतो, स्वतःच्या हक्काचं घेऊन जातो. परदेशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात अशीच सरवा वेचायला गेली होती, आणि पुढे दावीद राजाची पणजी झाली.

या नियमामागचा युक्तिवाद लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सापडतो. जमीन माझी आहे, असं देव म्हणतो, तुम्ही माझ्याजवळ राहणारे उपरे आणि पाहुणे आहात. सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो.

दशमांशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी बोलणं आधीच फार झालंय. दान गोळा करताना मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातली दहावी ओळ हमखास वाचली जाते: दशमांश भांडारात आणा, मग बघा मी आकाशकपाटं उघडतो की नाही. त्याच अध्यायातली पाचवी ओळ मी दानाच्या वेळी वाचलेली कधी ऐकली नाही. मजुराची मजुरी अडवणारे, विधवेवर, अनाथावर जुलूम करणारे, परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव साक्ष द्यायला उभा राहतो, असं तिथे आहे. घरकामाला येणाऱ्या बाईचे खाडे कापून उरलेल्या पगाराचा दशमांश दिला, तर पाचव्या आणि दहाव्या ओळीची बेरीज कशी करायची? येशूनेही पुदिना, शेपू, जिरे यांचा दशमांश काटेकोर मोजणाऱ्यांना सुनावलं होतं की न्याय, दया आणि विश्वासूपणा तुम्ही सोडून दिलात. दहा टक्के भरले की नव्वद टक्के आपले, ही समजूत कारभाऱ्याची नाही, मालकाची आहे. अठराव्या शतकातला इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली हे उलट्या बाजूने करी. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ मध्ये भागवी आणि २ देऊन टाकी. पुढे मिळकत ६० झाली, मग ९० झाली, आणि खर्च तोच २८. सगळ्यांना हे जमणार नाही, मला तर नाहीच, पण नव्वद टक्क्यांकडे बघायची त्याची नजर मला पटते.

आता तालांतांचा दाखला, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला. परदेशी निघालेला धनी एका दासाला पाच तालांत देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, "ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे". तालांत हे मुळात वजन. एक तालांत साधारण ६००० दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २० वर्षांची कमाई. आज रोज ५०० रुपयांनी धरा, ३० लाख होतात. एकच तालांत मिळालेला म्हणून आपण ज्याची कीव करतो, तो कंगाल नव्हता. गंमत म्हणजे कौशल्य या अर्थाचा इंग्रजी "टॅलेंट" हा शब्द याच दाखल्यामुळे रूढ झाला. टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये नाचणाऱ्या पोरांना मत्तयचा पत्ताही नसतो, पण शब्दाची नाळ तिथलीच.

पाचांचे दहा करणारा आणि दोनांचे चार करणारा, या दोघांना धनी जे बोलतो ते मूळ ग्रीकमध्ये जवळजवळ शब्दाला शब्द सारखं आहे. "शाबास, भल्या आणि विश्वासू दासा." दहावाल्याला जास्त शाबासकी नाही. तुलना शेजाऱ्याच्या आकड्याशी नसून स्वतःला मिळालेल्या आकड्याशी आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे करिंथकरांना, दुसऱ्या पत्रात हेच लिहितो की जे जवळ आहे त्याप्रमाणे देणं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. विधवेच्या दोन टोल्या सर्वांहून जास्त ठरल्या त्या याच मोजपट्टीने. (मात्र तिची गोष्ट सांगून गरिबांकडून पैसे काढणाऱ्यांनी मार्कमध्ये तिच्या आधीची ओळही वाचावी. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू तिथेच झोडपतो.)

तिसऱ्याने तालांत जमिनीत पुरला. त्या काळी पैसा सांभाळायचा हा सरळ, सुरक्षित मार्ग मानला जाई. आपल्याकडेही हंडा पुरायचे, आणि पुरून मेलेला माणूस त्या धनावर भुजंग होऊन बसतो अशा गोष्टी आजी सांगायची. या दासाने चोरी केली नाही, उधळलं नाही, पैही कमी न करता परत केलं. तरी त्याला "दुष्ट आणि आळशी" म्हटलं जातं. दाखल्यांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. श्रीमंत माणूस आणि दाराशी फोडांनी भरलेला लाजर, यांच्या गोष्टीत त्या श्रीमंताने वाईट मार्गाने कमावल्याचा एक शब्द नाही. तो रोज त्या दारातून जात होता एवढंच. मेंढरं आणि शेरडं यांच्या न्यायनिवाड्यात डावीकडच्यांवरचा आरोप काय? मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं नाही. सगळी "नाही"ची यादी. कॅथलिक मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आरंभी पापकबुलीची जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख आहे, तो यामुळेच. धोपटमार्गी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला चांगला माणूस इथे अडचणीत येतो.

मग कृपेचं काय?

हा खरा कठीण भाग. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तारण कर्माने कमावता येत नाही, ते कृपेने मिळतं. मग शेवटी हिशेब कसला? दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या. एक म्हणते, कृपा आहे तेव्हा हिशेब रद्द. दुसरी म्हणते, हिशेब द्यायचा आहे तेव्हा कृपा नावापुरतीच, चांगलं वागून पास व्हा.

मला यावर दत्तकाचं उदाहरण जवळचं वाटतं, आणि पौलही दत्तकाचीच भाषा वापरतो. घरात दत्तक आलेलं मूल परीक्षा देऊन आलेलं नसतं. नाव मिळतं, ताटात वाटा मिळतो, वारसा मिळतो, तेही पहिल्या दिवसापासून. पण एकदा घरचं झालं की दुकानाच्या गल्ल्यावर बसायची पाळी त्याच्यावरही येते, आणि संध्याकाळी बाप विचारतो, आज काय झालं? त्या विचारण्याने त्याचं मुलगेपण पणाला लागत नाही. उलट विचारलं जातं तेच घरचा म्हणून. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल बांधकामाची उपमा घेतो. पाया ख्रिस्ताचा. त्यावर कोणी सोनं-रुपं बांधेल, कोणी लाकूड, गवत, पेंढा. प्रत्येकाच्या कामाची अग्नीने परीक्षा होईल. ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल, तो स्वतः मात्र वाचेल, पण आगीतून निघाल्यासारखा. माणूस वाचणं आणि माणसाचं काम टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांमध्ये या उताऱ्यावरून पुढे बरेच वाद झाले. हिशेब आहे हे मात्र दोघांनाही मान्य.

केडगावची गोष्ट

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाई, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे उत्तरं द्यावी लागली होती. ते शिक्षण रमाबाईंना आईकडून मिळालं. त्या काळच्या मुलीला असं काही मिळणं म्हणजे पाच नव्हे, पन्नास तालांत. मग १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. भावाबरोबर ही मुलगी पायी हिंदुस्थान फिरली, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला "पंडिता" म्हटलं. लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पदरात मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा.

विद्वत्तेच्या जोरावर परदेशात मानाने राहणं त्यांना अवघड नव्हतं. त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदासदन काढलं, ते पुढे पुण्याला गेलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या वेळेपर्यंत संस्थेचा पसारा ठरलेला होता: जात ठरलेली, मुलींची संख्या ठरलेली, पैसा ठरलेला. दुष्काळाने ती चौकट मोडली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. तिथे छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, शेती. उपास काय असतो हे स्वतःच्या पोटाने जाणणारी बाई होती ती, आणि लूकमधलं "ज्याला माहीत होतं" हे तिच्या बाबतीत असं अक्षरशः होतं. आयुष्याची शेवटची वर्षं तिने हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली, का तर खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. आईवडिलांकडून आलेली भाषेची ठेव ही अशी परत फिरली. ते काम हातावेगळं होतं न होतं तोच ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

पण रमाबाईंची गोष्ट मी एवढ्यासाठीच घेतली नाही. हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न तिच्यात फार टोकदार आहे. शारदासदनाला पैसा पुरवत होती बोस्टनची रमाबाई असोसिएशन, १८८७ मध्ये स्थापन झालेली. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर पुण्यातल्या घरांनी लेकीसुना पाठवल्या होत्या, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, धर्मांतराची चर्चा पेटली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या खोलीत मी माझी प्रार्थना करते, दार लावून घेणार नाही. पालकांचं म्हणणं असं की भरवसा दिला होता. दात्यांना हिशेब, पालकांना हिशेब, स्वतःच्या सदसद्विवेकाला हिशेब, आणि तिन्हींची उत्तरं जुळत नाहीत. मी ख्रिस्ती आहे, तरी मला रानड्यांचं दुखणं कळतं. ज्याने विश्वासाने माणूस सोपवलं त्यालाही विचारायचा हक्क असतो. रमाबाई मोठ्या होत्या म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही.

देवाला माहीत आहे, हे पुरेसं नाही

"माझा हिशेब देवापाशी" हे वाक्य मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सभेत ऐकलं की मला पौलाची आठवण येते. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो ग्रीक मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता. रक्कम मोठी, प्रवास लांबचा. पौलाच्या शब्दावर सारं चाललं असतं. पण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की पैसे न्यायला त्याचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊही येईल. कारण, या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये. केवळ प्रभूच्या नजरेत नव्हे, माणसांच्या नजरेतही जे योग्य ते आम्ही करू बघतो. प्रेषिताने स्वतःहून स्वतःवर लेखापरीक्षक नेमून घेतला.

महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या चर्चच्या विश्वस्त संस्थांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, धर्मादाय आयुक्त विचारू शकतात. काही जणांना हा सरकारी जाच वाटतो. मला तो करिंथकरांचा आठवा अध्याय वाटतो. आमच्या मंडळीत वार्षिक जमाखर्च चहाच्या आधी वाचला जातो आणि चहाच्या वासाने सगळे "मंजूर, मंजूर" म्हणतात. ती पाच मिनिटं मला अर्ध्या प्रवचनाइतकी महत्त्वाची वाटू लागली आहेत. पैशाचंच कशाला? याकोब लिहितो की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपल्याला अधिक कडक न्यायाला तोंड द्यावं लागेल. ज्याच्या हाती व्यासपीठ, त्याची वही जाड.

आशीर्वाद म्हणजे केवळ बँकेतला आकडा नाही, हे वसईने दाखवलं. केळीच्या बागा, विहिरी, फुलशेती असलेली ती हिरवी पट्टी बिल्डरांच्या नजरेत भरली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढे उभे राहिले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूने मिस्सा म्हणावी, जमिनीच्या भानगडीत कशाला पडावं, असं म्हणणारे होतेच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे दिब्रिटोंना पाठ होतं. पुढे बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलंही. उस्मानाबादला २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. पाणी आणि माती या ठेवींचा हिशेब वसईत आजही संपलेला नाही.

आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात आणखी एक ठेव आहे, तिच्याविषयी आम्ही कमी बोलतो. आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेरचे, मिशनच्या शाळेत अक्षर शिकले, बोर्डिंगात राहिले, मास्तर किंवा नर्स झाले. त्या एका पाटीवर पुढच्या तीन पिढ्या उभ्या आहेत. आज त्याच घरातली मुलं पुण्याबंगळुरात नोकऱ्या करतात आणि नाताळाला गावी येतात. पाटी कोणी दिली होती हे सांगितलं जातं, साक्षीत ऐकवलंही जातं. ती पुढे कोणाच्या हातात गेली, हे मात्र फार कमी घरांत विचारलं जातं. माझ्या घरातही नाही.

कापणीच्या सणाला आमच्याकडे अंगणात लिलाव होतो. लोकांनी वाहिलेली कोंबडी, गहू, अंडी, पेरू, सगळ्यावर बोली लागते. एका वर्षी एका थोराड भोपळ्यावर बोली लागली, घेणाऱ्याने पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही ठेवला. चौथ्या खेपेला तो एका आजीने घेतला आणि सरळ पिशवीत घातला, कारण तिला भाजी करायची होती. सगळे हसले. तीही बरोबरच होती. कारभाऱ्याने उपाशी राहावं असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि पेत्राचा तो प्रश्न, "आम्हालाच की सगळ्यांना?" लूकमध्ये त्याचं सरळ उत्तर कुठेच नाही. पण नव्या कराराच्या शेवटाकडे पेत्राच्या नावाचं पहिलं पत्र आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात, दहाव्या ओळीत, लिहिलंय की प्रत्येकाला जसं कृपादान मिळालं आहे तसं त्याने ते एकमेकांच्या सेवेसाठी वापरावं, देवाच्या नानाविध कृपेच्या चांगल्या कारभाऱ्यांप्रमाणे. शब्द तोच, ओइकोनोमोस, फक्त अनेकवचनी. सातच ओळींनंतर पत्र म्हणतं की न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होण्याची वेळ आली आहे.